पेठ नसलेले उपनगर

शहररचनेसारखा रूक्ष विषय दिवाळी अंकात कशासाठी, असे कोणी विचारील. नकाशे, भूखंड, आरक्षणे आणि सर्व्हे नंबर यांचा संबंध महापालिकेच्या कचेरीशी, फार तर वकिलांशी. चकली तोंडात टाकता टाकता वाचण्याजोगा हा मजकूर नव्हे, हेही खरे. पण उपनगराची परीक्षा घ्यावयाची झाल्यास दिवाळीच्या आधीच्या आठवड्याइतका चांगला मुहूर्त दुसरा नाही. कोथरूड, वारजे, बाणेर, धनकवडी येथे राहणारी कुटुंबे त्या आठवड्यात काय करतात? ती नदी ओलांडून किंवा स्वारगेटवरून गावात जातात. कपड्यांना लक्ष्मी रस्ता, बायकांच्या बारीकसारीक खरेदीला तुळशीबाग, सजावटीच्या सामानाला रविवार पेठेतील बोहरी आळी, मुलांच्या किल्ल्यावरचे मावळे आणायला कुंभारवाडा. हे सारे उपनगरात मिळत नाही म्हणून जातात काय? मुळीच नाही. उपनगरात दुकानांचा तुटवडा नाही. उलट वाणी नाही असा कोपरा सापडणे कठीण. तरीही पाय पेठेकडेच वळतात. याला सवय म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण ज्यांचा जन्म उपनगरात झाला, त्यांची मुलेही तिकडेच जात असतील, तर तो सवयीचा प्रश्न राहत नाही, उणिवेचा होतो. उपनगराने माणसाला घर दिले, उजेड दिला, हवा दिली. पेठ मात्र दिली नाही, असे माझे म्हणणे आहे आणि ते येथे थोड्या तपशिलाने मांडावयाचे आहे.

पेठ म्हणजे नुसता बाजार नव्हे. पुण्याच्या पेठा वसल्या त्या सरकारी उत्तेजनाने. पेठ वसविण्याचा हक्क मिळालेले शेटे व महाजन व्यापारी आणि कारागीर आणून बसवीत, त्यांना काही वर्षे करांत सूट मिळे, आणि वस्तीबरोबरच देऊळ, आड, हौद व कामाच्या जागा उभ्या राहत. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून नळाने पाणी आणले, ते शहरातल्या हौदांत. हौद झाला तेथे माणसे जमली. माणसे जमली तेथे दुकान आले. तुळशीबागेचेच उदाहरण घ्या. मध्ये रामाचे देऊळ आणि त्याच्या भोवती बाजार. दर्शनाला आलेली सासुरवाशीण बांगड्या घेऊन जाई, आणि बांगड्यांसाठी आलेली रामाला हात जोडून जाई. कोणते निमित्त खरे, हे तिचे तिलाही सांगता येत नसे. एका कामासाठी बाहेर पडलेल्या माणसाची चार कामे व्हावीत, आणि ती होता होता दोन ओळखीची माणसे भेटावीत, हे पेठेचे मर्म होय.

येथे एक सावधगिरी अवश्य बाळगली पाहिजे. जुन्या पेठेची आठवण काढताना डोळे पाणावून घेण्याची आपल्याकडे एक रीत पडली आहे. ती पेठ सर्वांची नव्हती. तिची वस्ती जातवार होती आणि तिचे पाणीही जातवारच होते. म्हणून तर १८६८ मध्ये जोतीराव फुले यांना आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला करावा लागला. ती पेठ निरोगीही नव्हती; १८९७ च्या प्लेगात तिच्या बोळांनी काय भोगले, ते इतिहासात नमूद आहे. तेव्हा पेठ जशीच्या तशी उचलून कोथरूडला नेऊन ठेवा, असे येथे कोणी म्हणत नाही. पेठेतील कोंदटपणा व भेदाभेद बाहेर ठेवून तिचा मेळ तेवढा नव्या वस्तीत नेता आला असता. प्रत्यक्षात आपण मेळ मागे ठेवला, एवढीच तक्रार आहे.

असा मेळ योजून घडविता येतो काय, याचे उत्तर पुण्यातच उभे आहे. शनिवारवाड्यापुढील पटांगणात भरणारा भाजीबाजार हलवून नगरपालिकेने शुक्रवार पेठेत मंडईची इमारत बांधली. ती १८८६ साली सुरू झाली. नगरपालिकेचे सभासद असताना या इमारतीवरील खर्चाला फुले यांनी विरोध केला होता, आणि पुढे त्याच मंडईला महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले, ही पुण्याच्या इतिहासातील एक मौजेची गोष्ट आहे. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते निराळे. ही मंडई कागदावर योजलेली होती, सरकारी पैशाने बांधलेली होती, आणि तरीही ती जगली. कारण तिच्यासाठी निवडलेली जागा रिकामी पडलेली म्हणून निवडलेली नव्हती. तुळशीबाग हाकेच्या अंतरावर, चारी बाजूंना पेठा, आणि लोकांची पावले आधीपासूनच त्या वाटेने पडत असलेली. तात्पर्य, योजना व गजबज यांचे वैर नाही. योजना गजबजीच्या शेजारी जाऊन बसली पाहिजे, एवढेच.

नदीपलीकडच्या पुण्याची कथा वेगळी आहे. ती वस्ती काही अंशी संस्थांनी घडविली आणि काही अंशी संकटांनी. फर्ग्युसन महाविद्यालय १८९५ मध्ये आजच्या जागी आले. अण्णासाहेब कर्वे यांनी १९०० साली विधवांचा आश्रम हिंगण्याच्या माळावर नेला, आणि महाविद्यालयात शिकवून ते रोज पायी तेथवर जात. डेक्कन जिमखाना १९०६ चा, भांडारकर संस्था १९१७ ची. म्हणजे घरांच्या आधी येथे शाळा आली, वाचनालय आले, खेळाचे मैदान आले. घरे त्यांच्या आसऱ्याने उभी राहिली. डेक्कनला आज जी एक ऐट आहे, तिचे कारण बंगल्यांत शोधू नये. ते या क्रमात आहे. यानंतर आला १२ जुलै १९६१ चा दिवस. पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. हजारो संसार उघड्यावर पडले. गोखलेनगर, सहकारनगर यांसारख्या वसाहतींच्या इतिहासात पूरग्रस्तांचे पान आहे. माणसांना छप्पर देण्याची घाई होती आणि ती रास्तच होती. पण त्या घाईने एक गोष्ट आपल्या अंगवळणी पडली: आधी घरे, मग बाकीचे. संकट सरले, तरी क्रम तोच राहिला.

कोथरूड हे त्या क्रमाचे सर्वांत मोठे उदाहरण होय. मूळचे हे गाव. म्हातोबा त्याचे ग्रामदैवत; पेशवाईतले मृत्युंजयेश्वराचे देऊळ अजून उभे आहे. येथल्या माळावर आणि शेतांत आधी सहकारी सोसायट्यांचे बंगले आले, १९६२ मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर कमिन्ससारखे कारखाने आले, नंतर तीनमजली इमारती, आणि आता त्यांच्या जागी दहा-दहा, बारा-बारा मजल्यांचे मनोरे. या वस्तीला सुविधा नाहीत असे कोणी म्हणू शकणार नाही. येथे यशवंतराव चव्हाण नाट्यगृह आहे, थोरात उद्यान आहे, दवाखाने आहेत, शाळा तर गल्लोगल्ली आहेत. पण या सर्वांची एकमेकांशी ओळख नाही. नाटक सुटल्यावर प्रेक्षक बागेत जाऊन बसत नाही. बागेतून निघालेले आजोबा वाचनालयात डोकावत नाहीत. भाजी एकीकडे, पोस्ट दुसरीकडे, देऊळ तिसरीकडे. प्रत्येक कामासाठी स्वतंत्र खेप आणि प्रत्येक खेपेसाठी स्वतंत्र वाहन. मग वाहने फार झाली म्हणून आपण एकमेकांना दोष देतो.

तरीही माणसे काही गप्प बसत नाहीत. नकाशाने पेठ दिली नाही, तेव्हा त्यांनी नाके केले. कोथरूडच्या वाटेवरील नावे वाचावीत. त्यांत या वस्तीचा खरा इतिहास आहे. 'नळ स्टॉप' हे नाव पाण्याच्या एका नळाने दिले. 'पौड फाटा' रस्त्याने, 'वनाज' कारखान्याने, 'दशभुजा' गणपतीने, 'कर्वे पुतळा' पुतळ्याने. यांपैकी एकही नाव कोणा नियोजनकाराने ठेवलेले नाही. रिक्षावाल्याला सर्व्हे नंबर सांगा, तो तुमच्याकडे पाहत राहील. 'नळ स्टॉप' म्हणा, तो मीटर टाकील. ६ मार्च २०२२ रोजी मेट्रोचा या बाजूचा पहिला टप्पा सुरू झाला, तेव्हा स्थानकांनाही वनाज, आनंदनगर, आयडियल कॉलनी, नळ स्टॉप हीच नावे घ्यावी लागली. पाण्याचा नळ, बसचा थांबा, चहाची गाडी, पहाटेची भाजी, रात्रीचे पोहे, अशा एकेका निमित्ताने ही ठिकाणे घडली. शास्त्रज्ञांच्या परिभाषेत यांना 'ॲक्टिव्हिटी सेंटर' म्हणतात. आपण नाका म्हणू.

आता हे नाके ज्या दस्तऐवजात दिसावयास हवेत, त्या विकास आराखड्याकडे वळू. एखादे पुस्तक वाचावे तसा तो वाचला पाहिजे; कारण लाखो माणसांच्या आयुष्यावर इतका परिणाम करणारे दुसरे पुस्तक या शहरात निघत नाही, आणि इतके कमी वाचले जाणारेही नाही. पुण्याचा पहिला आराखडा १९६६ साली मंजूर झाला, दुसरा १९८७ साली. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम हाही १९६६ चाच. त्यानुसार २० वर्षांतून निदान एकदा आराखड्याची फेररचना करावयाची असते. तिसरा आराखडा २००७ ते २०२७ या काळासाठी होता. त्याचा मसुदा २०१३ मध्ये लोकांपुढे आला, त्यावर ८० हजारांहून अधिक हरकती व सूचना आल्या, महापालिकेची मुदत टळली, राज्य सरकारने तो आपल्या हाती घेतला, आणि मंजुरी मिळाली ती जानेवारी २०१७ मध्ये. वीस वर्षांच्या आराखड्याची दहा वर्षे मंजुरीपूर्वीच संपली होती. लग्नपत्रिका बारशाच्या दिवशी छापून यावी, तशातला हा प्रकार झाला.

पण उशिरापेक्षाही मोठा दोष या ग्रंथाच्या भाषेत आहे. ही भाषा मोजणीची आहे. इतक्या लोकसंख्येस इतक्या शाळा, इतकी उद्याने, इतके दवाखाने. त्यांसाठी नकाशावर रंगीत चौकोन. चौकोन कोठे पडतो? जेथे जमीन मोकळी असेल तेथे, आणि जेथे मालक दुबळा असेल तेथे. शाळेचा चौकोन बागेच्या चौकोनाशेजारी असावा, मंडई बसथांब्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर असावी, वाचनालय आणि म्हाताऱ्यांच्या बसण्याची जागा एका अंगणात असावी, असे या भाषेत म्हणताच येत नाही. तिच्यात नामे आहेत, क्रियापदे नाहीत. त्यात कायद्याची आणखी एक मेख अशी की, आरक्षित जमीन दहा वर्षांत ताब्यात घेतली गेली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि ठरावीक मुदतीत पुढील पावले न पडल्यास आरक्षण रद्द होते. मालकाच्या दृष्टीने ही तरतूद न्याय्यच आहे. आपली जमीन पिढ्यान्‌पिढ्या अडकवून ठेवण्याचा अधिकार कोणासही नसावा. परंतु पैसा नसताना शंभर चौकोन रंगवावयाचे आणि त्यांतले अनेक विरून जाऊ द्यावयाचे, यापेक्षा वीस चौकोन नीट जागी रंगवून ते ताब्यात घेणे शहाणपणाचे नव्हते काय?

यातून उद्भवलेला पेच कर्वे रस्त्यावर उघड दिसतो. अमेरिकेतील क्लॅरेन्स पेरी यांनी १९२९ मध्ये वस्तीच्या एककाची एक कल्पना मांडली आणि ती पुढे जगभर गेली. मोठे रस्ते वस्तीच्या कडेने जावेत. शाळा व सार्वजनिक जागा मध्यभागी असाव्यात. मुलाला शाळेत जाताना मोठा रस्ता ओलांडावा लागू नये. आपल्याकडे मोठा रस्ता हाच मध्य झाला. कर्वे रस्ता व पौड रस्ता हे एकाच वेळी हमरस्तेही आहेत आणि कोथरूडची पेठही. आत पोटात कोठेही पेठेला जागा ठेवली नाही, म्हणून ती रस्त्याच्या काठावर येऊन बसली. मग वाहतूक वाढते. रस्ता रुंद करावा लागतो. पूल बांधावा लागतो. नळ स्टॉपला आज एकावर एक मजले चढले आहेत: खाली रस्ता, मधे वाहनांचा पूल, वर मेट्रो. मेट्रो हवीच होती, तिचे मोल कमी लेखू नये. पण वाहतुकीचा हिशेब करणारा ज्याला अडथळा म्हणतो, तीच त्या वस्तीची पेठ असते, हे कोणाच्या टिपणात आले होते काय? वाहने पुलावरून निघून गेली. खालचा नाका मात्र खांबांच्या सावलीत आपली जागा चाचपडत उभा आहे.

उपनगर म्हणजे शहराची मागील दारची जागा, हा समजही आपण अजून टाकलेला नाही. शहराचा कचरा एके काळी कोथरूडच्या टोकाला पडत असे. कोथरूड शहर झाले, तेव्हा कचऱ्याने आणखी लांबचे गाव पाहिले. तो उरुळी देवाची व फुरसुंगीच्या सीमेवर गेला. कोथरूडच्या त्या जुन्या कचरा डेपोच्या जागी आज मेट्रोचा डेपो आहे. उरुळी व फुरसुंगी २०१७ मध्ये महापालिकेत आली आणि २०२४ मध्ये वेगळी होऊन त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. जे गाव शहरापासून केवळ कचराच घेत आले, त्याला शहरात राहण्याची गोडी कशी लागावी?

हा सारा प्रश्न आता पुन्हा ऐरणीवर आला आहे, कारण उपनगराची दुसऱ्यांदा बांधणी चालू आहे. मेट्रो स्थानकाभोवती ५०० मीटरच्या टापूत, रस्त्याची रुंदी व भूखंडाचा आकार पाहून, चारपर्यंत चटई क्षेत्र निर्देशांक मिळू शकतो. ज्या सोसायटीत बारा कुटुंबे राहत होती, तेथे पन्नास राहतील. स्थानकाजवळ दाट वस्ती असावी, हे तत्त्व योग्य आहे. मेट्रो रिकामी धावण्यात कोणाचेच हित नाही. पण घरे चौपट होताना अंगण चौपट होत नाही, वाचनालय चौपट होत नाही, भाजीवालीची बसण्याची जागा तर उलट नाहीशी होते. जुन्या बंगल्याच्या कुंपणाशी मुलांच्या किल्ल्यापुरती ओंजळभर माती तरी होती. आता तळघरात मोटारी आणि वर फरशी. मुलांचे किल्ले प्लॅस्टर ऑफ पॅरिसचे तयार मिळतात, आणि ते दिवाणखान्यात मांडता येतात. किल्ला करण्याची मजा बोटांत माती जाण्यात आणि शेजारच्या मुलाशी बुरुजावरून भांडण्यात होती. त्या भांडणाला लागणारी जागा कोणत्या आरक्षणात बसते?

कोणी म्हणेल, खाजगी उद्योगाने हे काम अधिक चांगले केले आहे, मगरपट्ट्याकडे पाहा. अवश्य पाहावे. हडपसरच्या सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी सतीश मगर यांच्या पुढाकाराने आपली सुमारे ४०० एकर जमीन एकत्र केली, ती विकून टाकण्याऐवजी कंपनीत भागीदारी घेतली, आणि २००० सालापासून तेथे घरे, कचेऱ्या, शाळा, दवाखाना व मधोमध मोठी बाग असे नगर वसविले. जमीन गेली आणि पैसाही उडाला, अशी शहराकाठच्या शेतकऱ्याची नेहमीची कहाणी येथे घडली नाही, ही गोष्ट पुण्याच्या इतिहासात मानाने नोंदली जावी. कामाची जागा आणि घर चालण्याच्या अंतरावर आले, हेही मोठेच. तरीपण दोन गोष्टी उरतात. एक, अशी सलग जमीन कोथरूडला कोठून आणावयाची? तेथे ती हजार तुकड्यांत वाटली गेली आहे. आणि दुसरी अधिक मूलभूत: जिला प्रवेशद्वार आहे आणि द्वाराशी पहारेकरी आहे, तिला नगर म्हणता येईल, पेठ म्हणता येणार नाही. पेठेत परका माणूस विनाकारण हिंडू शकतो. किंबहुना त्याच्याशिवाय पेठ पुरी होत नाही. जुन्या पेठेने जातीचा पहारा बसविला होता. नव्याने उत्पन्नाचा पहारा बसवावा, यात प्रगती कोणती?

मग करावे काय? १९१४ पासून काही वर्षे हिंदुस्थानातील शहरे पायी पालथी घालणारे आणि पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकविणारे पॅट्रिक गेडिस यांचा आग्रह असे की, शहराला औषध देण्यापूर्वी त्याची नाडी पाहावी, आणि शस्त्रक्रिया करावी लागली तर शक्य तेवढे अंग राखून करावी. पुढच्या आराखड्यासाठी याहून चांगला उपदेश सापडणार नाही. प्रथम उपनगरातील नाके मोजावेत: कोणत्या वेळी कोठे माणसे जमतात, कशासाठी, किती चालून येतात. या नाक्यांना नकाशात त्यांच्या नावाने स्थान द्यावे. नवी शाळा, वाचनालय, मंडई, बसथांबा यांच्या जागा त्यांच्या चालण्याच्या टापूत घ्याव्यात. चौपट बांधकामाची परवानगी देताना तळमजल्यावर रस्त्याकडे उघडणारी थोडी सार्वजनिक जागा मागावी. आज शेतकऱ्यांचे आठवडे बाजार उपनगरांतील मोकळ्या मैदानांवर भरतात आणि दुपारी उठून जातात. त्यांना पक्के छप्पर नको, पण हक्काचा दिवस आणि हक्काची जागा जरूर द्यावी. यांतील एकाही गोष्टीला कोट्यवधींचा पूल लागत नाही.

२०२७ फार दूर नाही. त्यापुढच्या आराखड्याचा मसुदा जेव्हा प्रसिद्ध होईल, तेव्हा हरकती व सूचनांसाठी कायद्याने ठरविलेली मुदत मिळेल. गेल्या खेपेस त्या हजारो हरकतींपैकी बहुतेक आपापल्या जमिनीविषयी असणार, हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. पुढील खेपेस निदान काही अर्ज आपल्या मालकीच्या नसलेल्या जागेविषयी यावेत: एखाद्या कट्ट्याविषयी, एखाद्या वडाच्या पाराविषयी, सकाळी भाजीच्या पाट्या घेऊन बसणाऱ्या बायकांच्या कोपऱ्याविषयी. जी जागा कोणा एकाची नाही तिच्यासाठी जेव्हा माणसे अर्ज करू लागतील, तेव्हा उपनगरात पेठ वसली असे खुशाल समजावे.